मुंबईवर दगड पडणार होता, त्याचं पुढे काय झालं?

फेब्रुवारी २०२५ची गोष्ट. बारावीची परीक्षा ११ तारखेला सुरू झालेली, आणि देऊळगाव राजातून माझ्या मामेभावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. सोबत एक रील. मुंबईच्या समुद्रावर आगीचा गोळा उतरतोय, मागे भयाण म्युझिक, खाली तारीख: २२ डिसेंबर २०३२. त्याखाली भावाने लिहिलं होतं, "दादा, बत्तीस साली सगळं संपणारच असेल तर मी फिजिक्स कशाला वाचू?"

निम्मा विनोद होता, निम्मा नव्हता. पोरगा घाबरला की असाच विनोद करतो. मी "गप अभ्यास कर" एवढंच उत्तर पाठवलं आणि नंतर स्वतःवरच चिडलो. कारण रील खोटं असलं तरी बातमी खोटी नव्हती. त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं, ते आज देतोय.

आधी खरं काय ते. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीमधल्या ॲटलास दुर्बिणीने एक नवा लघुग्रह टिपला. नाव २०२४ वायआर४. आकाराचा पहिला अंदाज ४० ते ९० मीटर. जानेवारीच्या शेवटी तो २०३२ साली पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १ टक्क्याच्या वर गेली आणि १८ फेब्रुवारीला ती ३.१ टक्क्यांवर पोहोचली, म्हणजे साधारण ३२ मध्ये एक. एवढ्या आकाराच्या कुठल्याही लघुग्रहासाठी आजवर नोंदलेला हा सर्वांत मोठा आकडा. तोवर हा विक्रम अपोफिसच्या नावावर होता, डिसेंबर २००४ मध्ये, २.७ टक्के.

मग २० फेब्रुवारीला तोच आकडा ०.२८ झाला. २४ तारखेला ०.००४. आठवड्याभरात विषय संपला. आणि इथेच बऱ्याच जणांचा संशय सुरू झाला. "बघा, नासाने दाबलं." आमच्या फॅमिली ग्रुपवर तर एका काकांनी ठामपणे लिहिलं, "लोक घाबरू नयेत म्हणून आकडा कमी केला."

आकडा आधी वाढला आणि मग एकदम पडला, यात काही काळंबेरं आहे का? नाही. उलट असंच व्हायला हवं होतं. तुमच्या फोनवरच बघा.

गुगल मॅप्स उघडा. घरात असाल तर तुमच्या निळ्या ठिपक्याभोवती एक मोठं फिकट निळं वर्तुळ दिसतं. फोन सांगत असतो की तुम्ही या वर्तुळात कुठेतरी आहात, नक्की कुठे ते कळलेलं नाही. समजा हे वर्तुळ अख्ख्या देऊळगाव राजावर पसरलंय, बसस्टँडपासून बालाजी मंदिरापर्यंत. तुमचं घर त्यात एक छोटा चौकोन. तुम्ही घरातच असण्याची शक्यता किती? अगदी कमी, कारण वर्तुळ मोठं आणि घर लहान. आता सिग्नल सुधारला, वर्तुळ निम्मं झालं, पण घर अजून आतच आहे. शक्यता वाढली. वर्तुळ आणखी आक्रसलं, घर अजूनही आत. शक्यता आणखी वाढली. तुम्ही मात्र जागचे हललेलाच नाही! शेवटी वर्तुळ इतकं लहान होतं की घर त्याच्या बाहेर पडतं, आणि शक्यता एका झटक्यात शून्याजवळ.

लघुग्रहाचंही हेच. पहिल्या काही आठवड्यांच्या निरीक्षणांवरून आठ वर्षांनंतरची जागा काढायची, तर ती "जागा" म्हणजे अवकाशात लाखो किलोमीटर लांब पसरलेली पट्टी असते. या पट्टीत पृथ्वी एक छोटा ठिपका. रोज नवी निरीक्षणं येतात, पट्टी आखूड होते, पृथ्वी आत असेपर्यंत टक्का चढत राहतो. मग एके दिवशी पृथ्वी पट्टीबाहेर. ३.१ टक्के म्हणजे दगड जवळ आला असं नव्हतं, आपलं अज्ञान कमी झालं होतं.

मुंबईचं नाव कुठून आलं, तेही सांगतो. आदळलाच, तर कुठे आदळेल याची एक रेषा काढली होती. ती पॅसिफिकच्या पूर्व भागातून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असं करत दक्षिण आशियापर्यंत येत होती. मुंबई त्या लांबलचक रेषेजवळ होती, एवढंच. पण "आदळलाच तर" हे दोन शब्द थंबनेलवर मावत नाहीत. म्हणून "मुंबईवर लघुग्रह!" असा मथळा झाला. आणि आदळला असता तरी माणूसजात संपली नसती. एखादं शहर उद्ध्वस्त झालं असतं, जे कमी वाईट नाही, पण रीलमध्ये दाखवलेला जगाचा शेवट हा नव्हे.

मला गंमत याची वाटते की या विषयावर घाबरायला आम्हा बुलढाणेकरांना मुंबईपर्यंत जायची गरजच नाही. देऊळगाव राजाहून सिंदखेड राजामार्गे निघालात तर साधारण दोनेक तासांत लोणार. तिथलं सरोवर म्हणजे अशाच आघाताने पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. बराच काळ त्याला ज्वालामुखीचं मुख समजत. १९७३ मध्ये तिथल्या खडकांत प्रचंड दाबानेच तयार होणारी काच सापडल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा आघाताची गोष्ट पक्की झाली. वयावर अजून वाद आहे. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसऱ्या पद्धतीने जवळपास पावणेसहा लाख. आपल्या लोकांनी मात्र शास्त्रज्ञांची वाट पाहिली नाही. लवणासुर राक्षस आणि त्याला मारणारा विष्णू ही गोष्ट त्यांनी केव्हाच रचली, आणि दैत्यसूदनाचं देऊळही बांधलं. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे खारट वास, माकडं आणि चिवड्याची पाकिटं एवढंच पाहिलं होतं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तेही "काहीतरी अशुभ" म्हणून फॉरवर्ड झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं तर खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले.

आभाळातून काही पडणार म्हटल्यावर माणसं काय करतात, हे मला आजीकडून कळलं. १९७९ च्या जुलैत अमेरिकेचं स्कायलॅब हे सुमारे ७७ टनांचं अवकाशस्थानक खाली येत होतं. कुठे पडेल ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. आजी सांगते, गावात कुणी कोंबड्या कापून खाल्ल्या, मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणून. शेजारच्यांनी पेरणी आठ दिवस थांबवली. ११ जुलैला स्कायलॅब पडलं, तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात विखुरले. "कोंबड्यांचं काही नाही रे," आजी म्हणते, "पण पेरा हुकला ना त्यांचा." भावाचा फिजिक्सचा प्रश्न वाचला तेव्हा मला आधी हेच आठवलं.

घाबरणं आणि हसण्यावारी नेणं याखेरीज तिसरंही काही करता येतं, आणि ते माणसांनी करून दाखवलंय. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या डार्ट यानाने डिमॉर्फोस नावाच्या सुमारे १६० मीटरच्या दगडाला मुद्दाम धडक दिली. तो एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारायचा. धडकेनंतर फेरीची वेळ जवळपास ३३ मिनिटांनी कमी झाली. एका अवकाशातल्या दगडाची वाट माणसाने बदलण्याची ही पहिलीच वेळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपचं हेरा यान त्याची जवळून पाहणी करायला चाललंय.

पण धडक मारायला आधी दगड दिसायला हवा, तोही काही वर्षं आधी. खरी अडचण तिथे आहे. एक किलोमीटरपेक्षा मोठे, म्हणजे जगभर हाहाकार माजवू शकतील असे ९५ टक्क्यांहून जास्त लघुग्रह सापडलेले आहेत आणि त्यातला कुठलाही पुढच्या शंभर वर्षांत आपल्याकडे येत नाही. १४० मीटरच्या वरचे मात्र निम्मेसुद्धा सापडलेले नाहीत. शिवाय सूर्याच्या बाजूने येणारा दगड जमिनीवरच्या दुर्बिणींना दिसतच नाही. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा दगड असाच आला, कुणाला पत्ता नव्हता. दीड हजारच्या आसपास लोक जखमी झाले, बरेचसे काचांमुळे. प्रकाश दिसला म्हणून लोक खिडकीशी गेले आणि मागून धक्क्याची लाट आली. लक्षात ठेवा: आभाळात असा लखलखाट दिसला तर मोबाईल काढून खिडकीकडे धावू नका, काचेपासून लांब जा. माझ्या मते या सगळ्या गदारोळात प्रत्येकाच्या फोनवर पोहोचायला हवी होती अशी ही एकच सूचना होती, आणि ती मला कुठल्याच ग्रुपवर दिसली नाही.

भावाने पेपर दिले. फिजिक्समध्ये ठीकठाक मार्क पडले, त्याचा दोष तो अजून लघुग्रहालाच देतो. मध्यंतरी त्याने परत लिंक पाठवली. या वेळी प्रश्न अपोफिसचा होता. सुमारे साडेतीनशे मीटरचा हा दगड १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीपासून फक्त ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, म्हणजे आपल्या टीव्हीच्या उपग्रहांपेक्षाही जवळून. आदळणार नाही, हे रडारच्या निरीक्षणांनंतर २०२१ मध्येच स्पष्ट झालंय. त्यातून तो दिवस शुक्रवार आणि तारीख तेरा, त्यामुळे रील बनवणाऱ्यांची तर दिवाळीच. सगळ्यांत जवळ येईल तेव्हा आपल्याकडे १४ तारखेची पहाट झालेली असेल, सव्वातीनच्या सुमारास, आणि गावात आंबेडकर जयंतीचे निळे झेंडे लागलेले असतील. या वेळी मी "गप अभ्यास कर" असं लिहिलं नाही. निळ्या वर्तुळाचा स्क्रीनशॉट पाठवला आणि विचारलं, "सांग, घर आत आहे की बाहेर?"

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "बाहेर. पण दादा, जयंतीला गावी येशील ना?"