यादीत नाव असणे म्हणजे काय?

भारतीय चलनी नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांची एक उभी पट्टी असते. असमियापासून उर्दूपर्यंत, रोमन वर्णक्रमाने. त्या पट्टीत जिला स्थान आहे त्या प्रत्येक भाषेत नोटेचे मूल्य पूर्णपणे लिहिलेले असते. मराठीत ‘शंभर’ लिहून ‘रुपये’ इंग्रजीत ठेवले आहे, असे कधी होत नाही. यादीत नाव असणे आणि प्रत्यक्षात भाषा असणे या दोन गोष्टी तेथे एकरूप आहेत. संगणकाच्या जगात मात्र त्या तशा नाहीत, आणि हा फरक ज्यांनी समजावून सांगावयाचा तेच बहुधा मौन पाळतात.

मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात अनुवादासाठी ‘ग्नू गेटटेक्स्ट’ ही व्यवस्था १९९५ पासून रूढ आहे. पडद्यावर दिसणारी वाक्ये मूळ प्रोग्रॅममधून वेगळी काढली जातात, आणि प्रत्येक भाषेसाठी एक स्वतंत्र फाइल तयार होते. मराठीच्या फाइलीला ‘एमआर’ या दोन अक्षरांचे नाव मिळते. या फाइलींच्या शेजारीच ‘लिंग्वास’ नावाची एक लहानशी फाइल असते. तीत भाषांची केवळ संकेताक्षरे लिहिलेली असतात. एखाद्या अनुवादकाने महिनोन्‌महिने खपून मराठी फाइल पूर्ण केली आणि लिंग्वासमध्ये ‘एमआर’ लिहावयाचे राहून गेले, तर ते सारे काम वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. संगणक त्याबद्दल बहुधा तक्रारही करीत नाही. फाइल जागेवर असते, अनुवाद निर्दोष असतो, आणि पडद्यावर इंग्रजी दिसत राहते.

प्रकल्पातील अनुवादभाषांची यादी छापणारी छोटी साधने अनेक कार्यकर्ते गरजेपोटी तयार करतात. त्यांच्या माहितीपत्रकात पुष्कळदा एकच वाक्य आढळते : ‘हे साधन प्रकल्पातील भाषांची यादी देते.’ पण कोणती यादी? ज्यांच्या फाइली आहेत त्या भाषांची, की लिंग्वासमध्ये नोंदलेल्या भाषांची? गोंधळात भर म्हणजे प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर बसविणाऱ्याला हव्या तेवढ्याच भाषा निवडण्याची जी सोय आहे, तिचेही नाव लिंग्वासच! तेथे तर मौजेचा प्रकार आहे. ती निवड मुळीच नोंदविली नाही, तर सर्व भाषा बसविल्या जातात. नोंदविली पण रिकामी ठेवली, तर एकही भाषा बसत नाही. काहीच न लिहिणे आणि कोरे लिहिणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे कोणी सांगितल्यावाचून सामान्य माणसाला कळावे कसे?

यादीत नाव आल्यानेही प्रश्न सुटतो असे नाही. ज्या वाक्याचा अनुवाद झालेला नाही, त्याच्या जागी मूळ इंग्रजी वाक्य दिसते. म्हणजे शंभरांपैकी पाच वाक्ये मराठीत असली तरी यादीत मराठी आहेच. शिवाय मूळ इंग्रजी वाक्यात थोडासा जरी बदल झाला, तरी जुना अनुवाद ‘संदिग्ध’ म्हणून बाजूला ठेवला जातो आणि एरवी तो वापरला जात नाही. यादी वर्षानुवर्षे तीच राहते. तिच्यामागचे भांडवल मात्र झिजत असते. ‘ग्नोम’सारख्या मोठ्या प्रकल्पाने एखादी भाषा ‘समर्थित’ म्हणावयास किमान ८० टक्के वाक्यांच्या अनुवादाची अट घातली, ती याच कारणासाठी.

कोकणीचे उदाहरण अधिक बोलके आहे. आंतरराष्ट्रीय मानकात मराठीला दोन अक्षरांचा संकेत आहे. कोकणीला तो नाही, तिचा संकेत ‘केओके’ असा तीन अक्षरांचा आहे. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांपैकी सहांची हीच स्थिती आहे : कोकणी, मणिपुरी, बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी. या सहाही भाषा १९९२ व २००३ च्या घटनादुरुस्त्यांनी परिशिष्टात आल्या. भाषेचा संकेत दोनच अक्षरांचा असतो असे गृहीत धरून एखाद्याने साधन लिहिले, तर संसदेने दिलेले स्थान त्या एका गृहीतकापायी नाहीसे होते. गृहीतक लेखी असते, तर पणजीच्या एखाद्या विद्यार्थ्यालाही ती चूक दाखवून देता आली असती.

यावर ‘प्रोग्रॅम वाचावा, सर्व कळते’ असे उत्तर जाणकार देतात. हे उत्तर जाणकारांपुरते खरे आहे. अनुवाद करणारा मनुष्य मात्र बहुधा भाषेचा शिक्षक, विद्यार्थी किंवा हौशी कारकून असतो, आणि तो विनामूल्य श्रम करतो. माहितीपत्रक लिहिण्याचा तासाभराचा खर्च एकाने सोसावयाचा आणि लाभ मात्र सर्वत्र विखुरलेल्या अनोळखी लोकांना व्हावयाचा. अशा वस्तूचे उत्पादन नेहमीच अपुरे पडते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातच शिकविले जाते. जाणकारांचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साधन बदलते, पण पत्रक जुनेच राहते, आणि चुकीचे पत्रक नसलेल्या पत्रकाहून वाईट. म्हणूनच यादी कोठून घेतली आणि प्रत्येक भाषेची किती वाक्ये पूर्ण, किती संदिग्ध व किती कोरी आहेत, हे साधनाने स्वतःच यादीबरोबर छापावे. हे आकडे काढण्याची सोय गेटटेक्स्टमध्ये पूर्वीपासून आहे. नवे काही शोधावे लागत नाही. पत्रकात मग शब्दांचे अर्थ तेवढे द्यावे लागतील, आणि ते सहसा बदलत नाहीत.

तूर्त मराठी अनुवादकाला एवढेच करता येते. फाइल पाठविल्यावर लिंग्वास उघडावी, आणि ‘एमएल’ म्हणजे मल्याळमच्या आसपास ‘एमआर’ ही दोन अक्षरे पडली आहेत की नाहीत, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.