निवृत्तीनंतर विमा कोणासाठी?

निवृत्त होणाऱ्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरी त्या सुमारास दोन सल्लागार हमखास येतात. हाती आलेली ग्रॅच्युइटी कोठे गुंतवावी हे एक सांगतो. मुले मार्गाला लागली, आता विम्याचे हप्ते कशाला भरता, असे दुसरा विचारतो. पुष्कळदा हे दोघे म्हणजे एकच गृहस्थ असतात. जुनी पॉलिसी मोडायला लावून नवी गळ्यात मारण्यात त्यांचा स्वार्थ उघड आहे. पण विचारणारा स्वार्थी असला म्हणून प्रश्न गैरलागू ठरत नाही. साठी उलटल्यावर आयुर्विमा ठेवावा की सोडावा?

आयुर्विमा या शब्दानेच थोडा घोटाळा केला आहे. विमा असतो तो आयुष्याचा नव्हे, कमावत्या माणसाच्या मिळकतीचा. पगार थांबला की विमा उतरवण्याजोगे काही उरले नाही, असे यावरून वाटेल आणि अनेकांच्या बाबतीत ते खरेही आहे. तथापि निवृत्ताचे उत्पन्न दोन जातींचे असते. बँकेतील ठेवीचे व्याज किंवा घरभाडे धनी गेला तरी मागे राहते. निवृत्तिवेतन मात्र त्याच्याबरोबर जाते. सगळे नाही, तरी बरेचसे जाते. विम्याचा विचार करायचा तो या दुसऱ्या जातीच्या उत्पन्नापुरता.

जुन्या निवृत्तिवेतन नियमांखालील सरकारी कर्मचारी घ्या. अखेरचे मूळ वेतन 60,000 रुपये असेल तर निवृत्तिवेतन 30,000 रुपये होते. त्याच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते ते आरंभीची काही वर्षे वाढीव दराने व पुढे सर्वसाधारण दराने, म्हणजे 18,000 रुपये. दोहोंवर महागाई भत्ता असतो. पाच हिश्शांचे तीन झाले. घरखर्च काही त्या मानाने उतरत नाही. सोसायटीचे पैसे, विजेचे बिल तेच राहते आणि औषधे वाढतात. परंतु ज्याने चाळीस टक्के पेन्शन विकली आहे, त्याच्या हाती पहिली पंधरा वर्षे मूळचे 18,000 रुपयेच पडत असतात आणि विकलेला भाग कुटुंब निवृत्तिवेतनातून कापला जात नाही. म्हणजे त्या काळात खड्डा पडतो तो मुख्यतः महागाई भत्त्यात. डोक्यावर कर्ज नाही, अपंग वा अवलंबून असलेले मूल नाही, अशा घराने विमा संपू दिला तर काही बिघडणार नाही. पत्नी स्वतः निवृत्त शिक्षिका असेल तर हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

खाजगी कारखान्यातील वा पेढीवरील कारकुनाची गोष्ट निराळी. 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मिळणारी रक्कम आधीच तुटपुंजी, आणि विधवेला तिच्या निम्मी. त्याचा खरा आधार भविष्यनिर्वाह निधीचा. तो मुलीच्या लग्नात किंवा घराच्या बांधकामात संपला असेल, तर पंचवीस वर्षे चालवलेली पॉलिसी हीच त्या बाईच्या वाट्याची एकमेव ठोक रक्कम उरते. ज्याला हप्ता सर्वांत जड वाटतो त्यालाच विमा सर्वांत आवश्यक, असा हा पेच आहे.

त्यातून वाट आहे, पण ती सांगणारे थोडे. पंचवीस वर्षांच्या मुदतीपैकी वीस वर्षांचे हप्ते भरून झाले असतील, तर पॉलिसी पेड-अप करता येते. हप्ते थांबतात, आणि विम्याच्या रकमेचा सुमारे चार पंचमांश भाग व तोवरचा बोनस मुदतीअखेर किंवा मृत्यूनंतर मिळतो. सरेंडर केल्यास आजच हाती येणारी रक्कम याहून बरीच कमी असते. नुसता मुदतीचा विमा असेल तर ही सोय नाही. हप्ता चुकला की सवलतीच्या दिवसांनंतर सारे संपले. मात्र चाळिशीत घेतलेल्या अशा विम्याचा हप्ता वयाबरोबर वाढत नाही. जोखीम वाढते आणि किंमत तीच राहते. ज्याला मधुमेह वा हृदयविकार जडला आहे आणि ज्याच्यावर कोणी अवलंबून आहे, त्याने तो सोडणे हा शुद्ध अविचार होय.

जुनी मोडून नवी घेण्याचा सल्ला तर ऐकूच नये. 2015 च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या कलम 45 नुसार तीन वर्षे झालेल्या पॉलिसीला कोणत्याही कारणावरून आव्हान देता येत नाही. साठाव्या वर्षी नवी घेणारा हे कवच टाकून पुन्हा तीन वर्षे उघड्यावर येतो, तेही चढ्या दराने. आयुर्विमा महामंडळाचे बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातले आहे. त्यातील योग म्हणजे नाही ते मिळवणे, क्षेम म्हणजे आहे ते राखणे. एजंट साठीच्या गृहस्थाला विकू पाहतो तो योग. त्याला हवे असते क्षेम.

या साऱ्या हिशेबात एका व्यक्तीला कोणी विचारत नाही. बैठकीत पती असतो, मुलगा असतो, एजंट असतो. जिच्यासाठी हप्ते भरले ती चहा आणून ठेवते आणि आत जाते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या कायद्याखाली पत्नीच्या हितासाठी काढलेली पॉलिसी ही तिच्यासाठीचा न्यास असते. पतीला ती आपल्या मर्जीने मोडता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला जे कळले ते आपल्या दिवाणखान्यात अजून पोहोचलेले नाही. पॉलिसी ठेवायची की सोडायची हे ठरवण्यापूर्वी ते कागद तिच्यासमोर उघडावेत आणि नामनिर्देशन कोणाचे आहे ते तिलाच वाचू द्यावे. लग्नापूर्वी काढलेल्या पॉलिसीवर पुष्कळदा आईचे नाव असते. आई वारलेली असते आणि नाव बदलायचे राहून गेलेले असते. अशा वेळी पैसे मिळवण्यासाठी त्या बाईला वारसा प्रमाणपत्राकरिता न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते, आणि तेव्हा सही करायला पती नसतो.