ऑक्टोबर छाटणीतली पेस्ट आणि वाइनचा ग्लास

गेल्या दसऱ्याच्या संध्याकाळी एका पस्तिशीतल्या माणसाला दोघांनी धरून दवाखान्यात आणलं. चेहरा, मान आणि छाती लालभडक, डोळे तांबारलेले, श्वास जोरजोरात चाललेला. वाटेत दोनदा उलटी झाली होती. नाडी १३०, रक्तदाब ९० वर ५०. सोबतचा भाऊ पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "डॉक्टर, आज जास्त घेतलेलीच नाही. सणाचं म्हणून दोनच पेग. एरवी याच्या दुप्पट पचवतो."

मी विचारलं, "सध्या काम कुठलं?"

"द्राक्षबागेचं. टोळीबरोबर पलूसकडं जातोय. आज दुपारपर्यंत पेस्ट लावली."

निदान तिथेच झालं. सलाइन, ऑक्सिजन, ईसीजी, मग सांगलीला रवानगी. रात्रभर देखरेखीखाली राहिला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी परतला. त्याच आठवड्यात एका तरुण रुग्णाने मला विचारलं होतं, की दिवाळीच्या सुट्टीत मित्रांबरोबर नाशिकच्या वायनरीत जातोय, रेड वाइन हृदयाला चांगली असते ना? दोन्ही प्रश्न एकाच फळाचे आणि एकाच महिन्यातले. म्हणून या लेखात दोन्हींबद्दल लिहितो.

शरद त्यांचा आणि आपला

इंटरनेटवर 'शरदातली वाइन' म्हणून जे फोटो दिसतात ते युरोपचे असतात. फ्रान्स-इटलीत द्राक्षकाढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते, म्हणून तिकडे या दिवसांत वायनरीत गर्दी. आपल्याकडे वेळापत्रक उलटं आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी आणि काढणी साधारण जानेवारी ते मार्च. ऑक्टोबरात नाशिकला किंवा अकलूजजवळच्या फ्राटेलीच्या बागेत गेलात तर वेलीवर घड दिसणार नाहीत. छाटलेल्या काड्या आणि नुकते फुगू लागलेले डोळे दिसतील. द्राक्षं तुडवण्याचे कार्यक्रम पाहायचे असतील तर फेब्रुवारीत जा.

तरीही आत पाहण्यासारखं बरंच असतं. वाइन बनवण्याची क्रिया समजायला सोपी आहे. रसातली साखर यीस्ट खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका लिटर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का अल्कोहोल. लाल वाइनमध्ये साली रसाबरोबर आंबवतात, त्यामुळे रंग आणि तुरट टॅनिन उतरतं. पांढऱ्या वाइनमध्ये रस आधीच पिळून वेगळा करतात. लागणारी द्राक्षंही वेगळी असतात, लहान, जाड सालीची, बियांची. आपल्या तासगाव-पलूस भागातली बिनबियांची द्राक्षं प्रामुख्याने खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी पिकवतात.

हा फरक लक्षात ठेवा, कारण वाइनच्या बाजूने होणाऱ्या राजकीय चर्चेत तो हमखास विसरला जातो.

'वाइन म्हणजे दारू नव्हे'

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि आपल्या सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क उभे करायचं ठरलं. विंचूर-नाशिक पट्टा वाढला. सुलाने २००५ मध्ये टेस्टिंग रूम सुरू केली आणि वायनरीची सहल ही पुण्या-मुंबईकरांची सवय झाली. पलूसचं स्वप्न त्या मानाने फार पुढे गेलं नाही. २००८-०९ च्या मंदीत राज्यातल्या अनेक वायनऱ्या अडचणीत आल्या, नारायणगावची नावाजलेली इंडेजसुद्धा.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये कुलूपबंद कपाटातून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. कारण दिलं शेतकऱ्याच्या हिताचं. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य त्याच दिवसांत गाजलं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' म्हणून टीका केली, नियमांचा मसुदा हरकतींसाठी ठेवला गेला. जूनमध्ये सरकार गेलं आणि निर्णय अमलात आलाच नाही. मात्र वाइनला झुकतं माप कायम आहे. तिच्यावरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के उद्योगाला परत करणारी योजना आहे, आणि जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा बीअर आणि वाइन त्यातून बाहेर राहिल्या.

शेतकऱ्याच्या हिताबद्दल एवढंच म्हणतो, की आमच्या भागातल्या बहुतेक द्राक्षबागायतदारांचा भाव बेदाण्याच्या सौद्यात आणि निर्यातीच्या कंटेनरवर ठरतो. सुपरमार्केटच्या कपाटातल्या बाटलीत त्यांची द्राक्षं नसतात.

राहिला दारू असण्या-नसण्याचा प्रश्न. तो यकृताला विचारूया. १५० मिलीच्या एका ग्लास वाइनमध्ये, १३ टक्क्यांच्या हिशेबाने, सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. म्हणजे एक ग्लास वाइन म्हणजे दीड छोटा पेग. ७५० मिलीच्या आख्ख्या बाटलीत ७७ ग्रॅमच्या आसपास, साडेसात छोटे पेग. रेणू तोच, इथेनॉल. द्राक्षातून आला की मळीतून, हे यकृताला कळत नाही.

हृदयाचं काय?

हा समज कुठून आला ते सांगतो. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, याचं श्रेय १९९० च्या दशकात रेड वाइनला दिलं गेलं. मग सालीतल्या रेस्व्हेराट्रॉल या द्रव्याचं कौतुक सुरू झालं. पण प्रयोगांत ते शेकडो मिलिग्रॅममध्ये दिलं जातं आणि एका लिटर रेड वाइनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. शिवाय 'थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात' असं दाखवणाऱ्या जुन्या अभ्यासांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते. तुलनाच तिरकी होती.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येईल असं अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी दारू आणि कर्करोगाच्या संबंधावर स्वतंत्र इशारा दिला. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, या कर्करोगांशी दारूचा संबंध सिद्ध आहे. आमच्याकडे त्यात तंबाखू आणि मिश्रीची भर पडते. तोंड-घशाच्या कर्करोगात दारू आणि तंबाखू हे दोन धोके नुसते बेरजेने वाढत नाहीत, एकमेकांना गुणतात.

माझ्या त्या तरुण रुग्णाला मी म्हणालो, चवीसाठी जा, गंमत म्हणून जा. औषध म्हणून जाऊ नकोस.

वायनरीत जाणार असाल तर

मी स्वतः गेलो आहे आणि मला आवडलं. टेस्टिंगला पाच-सहा प्रकार देतात, दरवेळी दोन-तीन घोट. ३० मिलीचे सहा नमुने पकडले तर १८० मिली झाले, म्हणजे १८ ग्रॅमच्या वर अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात याने अंदाजे १०० मिलीला ३५ ते ४० मिलिग्रॅम पातळी होऊ शकते, ६० किलोच्या स्त्रीच्या रक्तात ५० च्या पुढे. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० आहे. 'नुसती चव घेतली' म्हणणारा माणूस त्या मर्यादेच्या वर असू शकतो आणि त्याला ते जाणवतही नाही. चव घेऊन थुंकायला तिथे भांडं ठेवलेलं असतं. आपल्याला संकोच वाटतो, पण चव ओळखणारे जाणकार तेच करतात. गाडीसाठी न पिणारा माणूस आधीच ठरवा. राज्यात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे.

जेवणाचं बघा. रिकाम्या पोटी अल्कोहोल झपाट्याने आतड्यात जातं आणि रक्तातली पातळी एकदम चढते. आधी जेवलात तर चढ हळू होतो, एवढाच फायदा. अल्कोहोल नाहीसं होत नाही. चवीच्या जोड्या परदेशी पुस्तकांतून आलेल्या आहेत, त्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत. तांबड्या रश्श्याबरोबर तुरट रेड वाइन घेतली तर तिखट अधिकच भाजतं, कारण अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही जिभेची आग वाढवतात. किंचित गोडसर थंड शेनिन ब्लांक आपल्या मसाल्याला सोसते. अख्खा मसूर आणि भाकरीबरोबर मला विचाराल तर ताकच बरं. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी तिखट आणि वाइन ही जोडी टाळावी. रात्री दोनला छातीत जळजळ घेऊन उठलेला माणूस हार्ट अटॅक समजून माझ्याकडे येतो, आणि कधीकधी तो खरंच हार्ट अटॅक असतो.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर पिण्यानंतर काही तासांनी धोकादायक खाली जाऊ शकते, आणि घरच्यांना वाटतं चढली आहे. मेट्रोनिडाझोल चालू असताना पिऊ नका. गरोदरपणात एक घोटही नको.

पेस्ट म्हणजे काय आणि ती दारूशी का भांडते

आता मूळ मुद्दा. थंड देशांत हिवाळ्यात वेल झोपते आणि वसंतात सगळे डोळे एकदम फुटतात. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत यासाठी हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण काडीवरच्या डोळ्यांना लावतात. स्पंज किंवा कापडाचा बोळा द्रावणात बुडवायचा आणि एकेका काडीवर फिरवायचा. हेच पेस्टिंग. ऑक्टोबरच्या उन्हात, घामाने ओल्या हातांनी, फाटक्या मोज्यांनी किंवा मोज्यांशिवाय दिवसभर हे काम चालतं. द्रावण त्वचेतून शरीरात जातं. त्वचा आणि डोळ्यांची जळजळ तर होतेच.

दारू शरीरात गेली की यकृत तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड करतं. हे विषारी असतं. मग एक विकर त्याचं निरुपद्रवी अॅसिटेट करतं. सायनामाइड नेमकं हे दुसरं विकर बंद पाडतं. विष साठत जातं आणि चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, धडधड, दम, उलट्या, रक्तदाब कोसळणं हे सगळं काही मिनिटांत सुरू होतं. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाची गोळी देतात, तिचं काम याच तत्त्वावर चालतं. कॅल्शियम सायनामाइडच्या कारखान्यांतल्या कामगारांना दारू सोसत नाही, हे जर्मनीत १९१४ मध्येच नोंदलं गेलं होतं. म्हणजे ही माहिती शंभर वर्षांहून जुनी आहे. इटलीत या शतकाच्या सुरुवातीला बागांतल्या मजुरांमध्ये अशा विषबाधेच्या नोंदी झाल्या, आणि २००८ मध्ये युरोपीय संघाने या रसायनाला मान्यता नाकारली. वापरणाऱ्या माणसाची सुरक्षितता हे त्यामागचं मोठं कारण होतं.

आमच्याकडे ते वापरलं जातं, आणि बागायतदाराला त्याच्याशिवाय हंगाम धरणं अवघड आहे, हे मला मान्य आहे. मला खटकतं ते दुसरंच. वाइनवर विधिमंडळात, वाहिन्यांवर महिनोन्‌महिने चर्चा झाली. सुपरमार्केटमधलं कपाट किती घनमीटरचं असावं, हेसुद्धा ठरलं. पण ज्या द्राक्षाच्या नावावर हे चाललं होतं, त्याच्या बागेत रोजावर राबणाऱ्या माणसाला 'आज पेस्ट लावलीस, आज पिऊ नकोस' हे त्याच्या भाषेत सांगायची जबाबदारी कोणाची, हे कुठल्या धोरणात मला सापडलं नाही. बाटलीवरची सूचना बारीक अक्षरांत असते आणि बाटली मालकाच्या शेडमध्ये असते. मजुराच्या हातात येते ती द्रावणाची बादली. आणि छाटणीचा हंगाम नेमका दसरा, कोजागिरी, दिवाळीला धरून येतो.

पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून ते काम संपल्यावर किमान २४ तासांपर्यंत कुठलंही अल्कोहोल नको. बीअर नको, ताडी नको, 'फक्त वाइन' नको, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही नको. मी माझ्या रुग्णांना दोन-तीन दिवस सांगतो, कारण टोळी आज एका बागेत आणि उद्या दुसरीत असते. रबरी मोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मा लावा. काम झाल्यावर साबणाने अंघोळ करा आणि कपडे वेगळे धुवा. बागेत जेवताना आधी हात धुवा. मुकादमांनो, सणाच्या दिवशी टोळीला बाटली देण्याची पद्धत या पंधरवड्यापुरती तरी थांबवा. रोख द्या, मिठाई द्या.

आणि लक्षणं दिसलीच तर घरी लिंबूपाणी, ताक पाजत बसू नका. माणसाला आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. दवाखान्यात दोन गोष्टी लगेच सांगा, पेस्ट लावली होती आणि दारू घेतली होती. दारूचं सांगायला लोक लाजतात आणि पेस्टचं सांगायचं कोणाला सुचतच नाही. रसायनाची बाटली किंवा तिचा फोटो सोबत आणा. तरुण सहकारी डॉक्टरांसाठी एक वाक्य: सायनामाइड म्हणजे सायनाइड नव्हे, सायनाइडवरचे उतारे इथे देऊ नका. यावर खास उतारा नाही. सलाइन, ऑक्सिजन, रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष, एवढाच उपचार आहे, आणि वेळेत मिळाला तर बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत उभे राहतात.

तो दसऱ्याचा रुग्ण आठवड्याने तपासणीला आला. त्याने विचारलं, "डॉक्टर, टोळीतल्या बाकीच्यांना काय सांगू?" मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहून दिल्या. तो कागद त्याने मुकादमाच्या टेम्पोच्या काचेवर आतून चिकटवला आहे.