रोपांचा हिशेब आणि झाडांचा हिशेब

बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूंचे गाव. इथल्या थंड हवेमुळे जुनी माणसे त्याला ‘गरिबांचे महाबळेश्वर’ही म्हणत. आज शहरात वेळूचे बेट दाखवा म्हटले तर शोधत फिरावे लागेल, आणि एप्रिल-मे महिन्यात पंख्याशिवाय वर्गात बसणे मुलांना आणि शिक्षकांनाही कठीण जाते. नावे तोंडात राहिली, ती ज्यामुळे पडली ते मात्र हातातून निसटत चालले आहे.

आपल्या शाळेत दरवर्षी ५ जूनला पर्यावरण दिन आणि जुलैत वनमहोत्सव साजरा होतो. १९५० साली क. मा. मुन्शी यांनी सुरू केलेली ही प्रथा चांगलीच आहे. घोषणा होतात, खड्डे खणले जातात, पाहुण्यांच्या हस्ते रोपे लागतात, छायाचित्र निघते. मात्र या कार्यक्रमांमुळे एक गोड गैरसमज पसरला आहे. एक झाड तोडले आणि दहा रोपे लावली की हिशेब पूर्ण झाला, असे आपण मानू लागलो आहोत. आम्हाला हे मान्य नाही. रोप लावणे हे पुण्याचे काम आहे, पण ती तोडलेल्या झाडाची भरपाई नव्हे. असे का, ते आपल्याच परिसराकडे पाहून समजून घेऊ.

मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. गोव्याची जीवनदायिनी म्हादई याच तालुक्यातील देगावजवळ जन्म घेते. कणकुंबीच्या डोंगरात बेळगाव शहराच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. तीच मलप्रभा पूर्वेला सौंदत्तीकडे पोहोचते तेव्हा तिथला पाऊस शहराच्या निम्म्याच्या आसपास उतरलेला असतो. म्हणजे नविलुतीर्थ धरणावर विसंबून असलेला कोरडवाहू मुलूख आणि पुढे हुबळी-धारवाडची माणसे घाटातल्या जंगलात मुरलेले पाणी पितात.

हे पाणी मुरते कसे? दाट जंगलात पावसाचा थेंब थेट जमिनीवर आदळत नाही. आधी पानांवर, मग फांद्यांवर, मग खाली साचलेल्या पालापाचोळ्यावर तो उतरतो. मुळांनी भुसभुशीत केलेली माती त्याला पोटात घेते आणि झऱ्यांच्या वाटे महिनोन्महिने थोडा थोडा सोडते. जंगल गेले की तोच पाऊस उतारावरून माती घेऊन धावत सुटतो. चार दिवस नदी फुगते, धरणात गाळ बसतो आणि मार्चमध्ये विहिरी तळ दाखवतात. रोपाची मुळे वीतभर असतात. जंगलाचे हे काम त्यांच्याकडून व्हायला कित्येक वर्षे जावी लागतात, तीही ती जगली तर.

“झाडे तोडली म्हणून पाऊस पडत नाही” हे वाक्य आपण निबंधात नेहमी लिहितो. ते अर्धेच खरे आहे. आपला मोसमी पाऊस मुख्यतः समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा आहे. पण झाडे मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे हवेत सोडतात आणि ती वाफ वाऱ्याबरोबर पुढे जाते. पश्चिम घाटातील जंगलांच्या या वाफेचा तामिळनाडूच्या पावसात मोठा वाटा आहे, असे आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. इथल्या कुऱ्हाडीचा घाव शेकडो किलोमीटरवरच्या शेतकऱ्यालाही लागतो तो असा.

दुसरी गोष्ट कार्बनची. झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन आपल्या लाकडात साठवते. जंगल तोडले, जाळले की तो पुन्हा हवेत जातो. माणसामुळे हवेत जाणाऱ्या या वायूचा सुमारे दहावा हिस्सा जगभरातील जंगलतोडीतून येतो. त्याने हवा तापते, आणि तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. मग पाऊस दडी मारतो आणि आला की कोसळतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मलप्रभा आणि घटप्रभेच्या काठची गावे पाण्याखाली गेली. पुढे चारच वर्षांनी, २०२३ मध्ये, कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. दोन्हींचे सारे खापर जंगलतोडीवर फोडणे बरोबर होणार नाही. पण पूर सौम्य करणारे आणि दुष्काळात ओल टिकवणारे आपले जुने साधन आपणच कमी करत आहोत, हे नाकारता येत नाही.

कागदावर मात्र जंगल वाढताना दिसते. २०२३ च्या वनस्थिती अहवालाप्रमाणे देशाचे २५.१७ टक्के क्षेत्र वने आणि वृक्षांखाली आहे. पण या मोजणीत एक हेक्टरहून मोठी, दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेली कोणतीही झाडी ‘वनाच्छादन’ ठरते, मग ती नीलगिरीची लागवड असो की फळबाग. भीमगडच्या जंगलात, बारापेडेच्या गुहांत, जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारे वटवाघूळ राहते. २०११ साली या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. असे जंगल आणि एका जातीच्या झाडांची रांग एकाच रकान्यात लिहिली, म्हणून ती सारखी होत नाहीत.

कोणी म्हणेल, मग रस्ते नकोत का? आम्ही असे म्हणत नाही. गोव्याला जाणारा रस्ता आपल्यापैकी कितीतरी पालकांच्या पोटापाण्याचा आहे. खानापूरच्या आजाऱ्याला शहरात लवकर पोहोचायचे असते. पण चौपदरीकरणात बेळगाव-खानापूर मार्गाच्या दुतर्फा असलेली जुनी झाडे गेली, तेव्हा तिथे सावलीत बसणारा फळविक्रेता आणि बसची वाट पाहणारी शाळकरी मुले यांचा विचार कोणत्या रकान्यात झाला? ऑगस्ट २०२२ मध्ये गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या फिरत असल्याने आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद ठेवाव्या लागल्या. माणूस आणि जंगल यांच्यामधली जागा अरुंद होत चालली की तिची किंमत मुलांच्या अभ्यासालाही मोजावी लागते.

शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिरसी तालुक्यातील सळकणी गावच्या लोकांनी सप्टेंबर १९८३ मध्ये झाडांना मिठ्या मारून तोड थांबवली. ‘अप्पिको’ म्हणजे मिठी मारा, हे आपल्या सीमाभागातल्या मुलांना सांगावे लागणार नाही. त्या माणसांनी आधी उभे झाड वाचवले, नवे लावण्याची गोष्ट त्यानंतरची.

तोच क्रम आपल्या शाळेने पाळावा, अशी आमची विनंती आहे. नव्या सभागृहाच्या आराखड्यात मैदानाच्या पश्चिम कडेची आंब्या-जांभळाची झाडे जातात, असे दिसते. सभागृह हवेच आहे, त्याविषयी दुमत नाही. मात्र इमारत थोडी सरकवून ती झाडे राखता येतील का, हे विश्वस्त मंडळाने स्थापत्यकारांना एकदा आवर्जून विचारावे. “बदल्यात शंभर रोपे लावू” हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक काम आहे. मार्चमधल्या एखाद्या दुपारी प्रयोगशाळेतील तापमापक सावलीच्या ठिकाणी धरून, एकदा जांभळाखाली आणि एकदा फरशीच्या अंगणाशेजारच्या पत्र्याच्या छपराखाली, हवेचे तापमान घ्या. महिनाभर नोंदी ठेवा आणि त्या या अंकासाठी पाठवा. सभागृहाच्या चर्चेत त्या आकड्यांना आमच्या लेखापेक्षा जास्त वजन येईल.

आणि पालकहो, यंदाच्या वनमहोत्सवात किती रोपे लावली ते विचारू नका. गेल्या तीन वर्षांत लावलेल्यांपैकी किती जगली, ते विचारा. प्रत्येक वर्गाने आपल्या रोपांची वही ठेवावी, मे महिन्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार ते आधीच ठरवावे आणि जगलेल्या झाडांचा आकडा वार्षिक अहवालात छापला जावा. रोपे मोजणे सोपे असते, कारण ती लावून आपण घरी जातो. झाडे मोजायची तर पुढच्या वर्षी परत यावे लागते.