तूप नसलेले तूप

नावाने माणसाची दिशाभूल कशी होते, याचे ‘वनस्पती तूप’ हे ठसठशीत उदाहरण आहे. त्यात तूप नाही. आणि तेल वनस्पतीचे असले, तरी त्याला आलेला घट्टपणा कारखान्यातला आहे. १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आला आणि हा जोडशब्द मराठी घरांत रुजला.

यामागचे रसायन अवघड नाही. तेल असो वा तूप, दोहोंत ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. मेदाम्लाच्या कर्बसाखळीत दुहेरी बंध नसेल तर ते संपृक्त, असेल तर असंपृक्त. या बंधापाशी साखळीला बाक येतो, रेणू दाटीने बसत नाहीत. म्हणून शेंगदाण्याचे तेल पातळ राहते. निकेलच्या साहाय्याने त्यात हायड्रोजन मिसळला की बंध घटतात आणि तेल घट्ट होते. ही क्रिया अर्धवट ठेवली, तर उरलेल्या काही बंधांपाशी बाक नाहीसा होतो. हेच ट्रान्स मेद. ओलेइक आम्ल सुमारे १३ अंश सेल्सिअसला वितळते. तितक्याच अणूंचे त्याचे ट्रान्स भावंड सुमारे ४५ अंशांना. असे मेद रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि हितकारक घटवतात.

१ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व मेदांतील अशा औद्योगिक मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आली, हे स्वागतार्हच होय. परंतु शब्दांची भूल कायद्याने उतरत नाही. तेलाच्या पिशवीवरील ‘कोलेस्टेरॉलविरहित’ हा शब्द खरा असूनही निरर्थक आहे. वनस्पतिज तेलांत ते मुळातच नगण्य असते. पामतेलही तसेच, मात्र त्यातील जवळजवळ निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात, हे तो शब्द सांगत नाही.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात असंख्य कामगार पाळीच्या वेळी उपाहारगृहात वा फाटकाबाहेरच्या गाडीवर खातात. पिशवी वा डबा त्यांच्या दृष्टीस पडतच नाही. मग त्यावरचा मजकूर वाचणार कोण? कारखान्यांच्या उपाहारगृहांनी दिवसाच्या पदार्थांबरोबर तेलाचे नावही फळ्यावर लिहावे. त्याला खर्च खडूचा. शिक्षकांनीही एखादी रिकामी पिशवी वर्गात नेऊन तिच्यावरील संपृक्त मेदाचा आकडा मुलांकडून वाचून घ्यावा. रसायनशास्त्र परीक्षेपुरते राहिले, तर बाजारातील प्रत्येक आकर्षक शब्द आपल्याला असाच फसवीत राहील.