उंबऱ्याच्या आतले काम

दरवर्षी १२ जानेवारीला महाविद्यालयांच्या सभागृहांत विवेकानंदांच्या आणि जिजाऊंच्या प्रतिमांना हार घातले जातात आणि मग पाहुणे तरुणांकडे वळतात. देश तरुणांचा आहे, हुंडा घेऊ नका, झाडे लावा, मोबाइल कमी बघा. टाळ्या, आभारप्रदर्शन, वडापाव. १९६९पासून चालू असलेली राष्ट्रीय सेवा योजना यापेक्षा बरी, निदान ती फावडे हातात देते. सात दिवसांचे शिबिर, दत्तक घेतलेले गाव, शोषखड्डे, रात्री मंदिरासमोर पथनाट्य. शोषखड्डा खणणाऱ्या पोराच्या हाताला फोड येतात आणि गावातले सांडपाणी खरेच मुरते, तेव्हा त्याची टिंगल कोणी करू नये. पण समाजकार्य म्हणून तरुणांना नेमून दिलेल्या या कामांची यादी फार धोरणाने केलेली असते. तिच्यातले एकही काम असे नसते, की ज्याने घरचा काका किंवा मामा दुखावेल.

तो दुखावला की काय होते, हे पिंपरीच्या भाटनगरात दिसले. कंजारभाट समाजात लग्नानंतर नवरीची कौमार्य परीक्षा घेण्याची रीत होती. खोलीत पांढरी चादर अंथरायची, नवरीच्या अंगावरचे टोकदार दागिने, पिना काढून घ्यायच्या आणि नंतर पंचांनी जमलेल्या लोकांसमोर नवऱ्याला विचारायचे, माल खरा की खोटा? २०१७च्या अखेरीस याच समाजातल्या काही शिकलेल्या मुलामुलींनी ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट काढला आणि हे सगळे चव्हाट्यावर आणले. जानेवारी २०१८मध्ये त्यांच्यातल्या तिघांना एका लग्नात मारहाण झाली. समाजाची बदनामी होते म्हणून काही स्त्रियाही त्यांच्या विरोधात रस्त्यावर उतरल्या. त्याच वर्षी मे महिन्यात या गटातल्या एका जोडप्याने ही परीक्षा न देता, पोलीस बंदोबस्तात लग्न केले. ऑक्टोबरात तीच नवविवाहिता भाटनगरातल्या नवरात्रात दांडिया खेळायला गेली, तर ती उतरताच संगीत बंद करण्यात आले, अशी तिची तक्रार. कोणी अंगाला हात लावला नाही की शिवी दिली नाही. फक्त गाणे थांबले आणि का थांबले, हे मैदानातल्या प्रत्येकाला कळले.

हे वाचून ‘त्यांच्यात असले काय काय चालते’ म्हणत मान हलवणाऱ्यांनी थोडे थांबावे. कौमार्याची तथाकथित लक्षणे आपल्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात चांगली पदवी परीक्षेपर्यंत शिकवली जात होती. त्यांना काही शास्त्रीय आधार नाही म्हणून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ती काढली २०१९ साली, म्हणजे भाटनगरच्या पोरांनी आवाज उठवल्यानंतर. शिवाय जातपंचायतीची पकड इतकी घट्ट का, याचे उत्तर एकट्या त्या समाजाकडे मागता येत नाही. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांत हेही होते. १९५२मध्ये ते बिरूद कागदावरून गेले. ज्यांना चौकीत फिर्यादी म्हणून कोणी उभे केलेच नाही, त्यांनी आपली भांडणे पंचांपुढे नेली, आणि पंच एकदा न्यायाधीश झाले की चादरीपर्यंत पोहोचायला त्यांना वेळ लागत नाही.

कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, असे आपण अभिमानाने सांगतो. विधिमंडळाने तो २०१६मध्ये केला, जुलै २०१७मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. यामागे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या जातपंचायत मूठमाती अभियानाची चिकाटी होती. पण बहिष्काराला कागद नसतो. आमंत्रण आले नाही, मयताला कोणी आले नाही, मुलीला स्थळ येत नाही, दांडियाचे गाणे थांबले. यातले न्यायालयात सिद्ध काय करायचे? आणि साक्षीला कोणाला बोलवायचे? जे पाहणारे, ते सगळे नात्यातलेच. त्यांच्याही घरी उद्या लग्नकार्य आहे.

म्हणूनच खरा प्रश्न धैर्याचा कमी आणि आधाराचा जास्त आहे. १८४९ साली वडिलांनी घराबाहेर काढले, तेव्हा जोतीराव बावीस वर्षांचे होते, सावित्रीबाई अठराच्या. त्या दोघांचे धैर्य आपण शाळेपासून पाठ करतो, पण उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी जागा दिली, हे वाक्य घाईत वाचून पुढे जातो. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये विधवेशी लग्न केले आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. पण तोवर कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. त्यांचा पगार मुरुडच्या पंचांच्या हातात नव्हता. कर्व्यांचे मोल याने उणे होत नाही. मात्र डोक्यावर छप्पर आणि हाताला काम असले, तर वाळीत पडलेला माणूस तग धरतो, हे दोन्हीकडे सारखेच दिसते. भाटनगरच्या गटातही पुढे झाले ते शिकून समाजाबाहेर वावरू लागलेले तरुणच.

आता आजचा आपला तरुण पाहा. वय अठ्ठावीस. पुण्यात पेठेतल्या कॉटबेसिसवरच्या खोलीत तो राज्यसेवेच्या चौथ्या प्रयत्नाची तयारी करतो आहे. अभ्यासिकेची फी आणि मेसचे पैसे दर महिन्याला गावाकडून येतात, कधी सोयाबीन विकून, कधी उसनवारीने. समाजसुधारकांवरच्या प्रश्नांची उत्तरे त्याला तोंडपाठ आहेत. कर्व्यांचे साल झोपेतून उठवून विचारले तरी चुकणार नाही. पद निघाले की वडील पदाच्या भावाने हुंड्याची बोलणी लावतील आणि हा गप्प बसेल. पद नाही निघाले तर जातीतली जी मुलगी सांगतील, तिच्याशी मुकाट लग्न करेल. त्याला भेकड म्हणणे सोपे आहे. पण ज्याचा मेसचा डबा बापाच्या पैशावर चालतो, तो बापासमोर ‘हुंडा घेणार नाही’ हे किती वेळ म्हणू शकेल? आणि हा झाला मुलगा. त्याच्या बहिणीला तर बारावीनंतर तालुक्याला पाठवायचे की नाही, यावर अजून घरात एकमत नाही. बेरोजगारी हा आर्थिक प्रश्न आणि हुंडा, बालविवाह, जातपंचायत हे सामाजिक प्रश्न अशी वाटणी आपल्या निबंधाच्या पुस्तकांत ठीक आहे. घरात ते एकाच ताटात वाढलेले असतात.

तेव्हा तरुणांनी काय करावे, याची व्याख्याने काही वर्षे बंद ठेवायला हरकत नाही. करणाऱ्याला थारा कुठे मिळेल, एवढे पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात राज्यांना सांगितले आहे, की मर्जीने लग्न करणाऱ्या आणि त्यामुळे जिवाला धोका असलेल्या जोडप्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवारे उभारण्याचा विचार करा, पोलिसांचा विशेष कक्ष नेमा. आपल्या जिल्ह्यात ही सोय कुठे आहे, हे पदवीच्या वर्गात विचारून पाहावे. प्राध्यापकांनाही विचारावे. सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी वर्षभर झाडांचा हिशेब ठेवतो. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा, विधी सेवा प्राधिकरणाचा आणि त्या कक्षाचा फोन नंबर लिहायला वेगळा निधी लागत नाही. वसतिगृहात सुट्टीच्या काळात एक खोली उघडी ठेवायलाही लागत नाही. मे महिन्यात सगळी वसतिगृहे कुलूपबंद होतात आणि लग्नसराईही नेमकी त्याच महिन्यात असते.