अक्षरें पुढें, आवाज मागें

१९१३ सालच्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटांत मजकुराची पाटी आली कीं चित्र बाजूस होई. हल्लींचीं सबटायटल्स बोलण्याबरोबरच चित्राखालीं उमटतात, आणि घोटाळा तेथेंच होतो.

गेल्या दिवाळींत आमच्या एडवणच्या घरीं याचा प्रत्यय आला. थोरल्या काकूंना ऐकूं येत नाहीं. त्यांच्यासाठीं सबटायटल्स निराळीं मिळवून चित्रपटास जोडलीं होतीं. आरंभीं सर्व ठीक होतें. पुढें पुढें काकू विनोदाला सर्वांच्या आधीं हंसूं लागल्या. तासाभरानें नायकाच्या आईचा मृत्यु त्यांना दोन मिनिटें अगोदर कळला. त्या डोळ्यांस पदर लावून बसल्या असतां मुलें खिदळत होतीं! काकू मुकाट्यानें उठून स्वयंपाकघरांत गेल्या.

पुतण्यानें दोष हुडकला. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा. अक्षरें मात्र दूरदर्शनच्या २५ चित्रांच्या वेगास बांधलेलीं. तासाला २ मिनिटें २४ सेकंदांची तफावत! अशा वेळीं अक्षरें नुसतीं मागें सरकवून भागत नाहीं. आरंभींचें व शेवटचें एकेक वाक्य आवाजाशीं ताडून पाहावें. अंतर दोन्हीकडे सारखें असेल तरच सरकवावें. वाढत गेलें असेल तर प्रत्येक वेळेस २५ नें गुणून २४ नें भागावें. संगणक हें क्षणांत करतो.

दुसऱ्या रात्रीं तोच चित्रपट पुन्हां लावला. “मला शेवट ठाऊक आहे,” म्हणत काकूंनीं आढेवेढे घेतले, पण बसल्या. या खेपेस पहिल्या विनोदाला सारें घर एकदम हंसलें.